अनुदानाचा अर्ज: परीक्षकाला तुमची बाजू मांडता येईल असा प्रस्ताव कसा तयार करावा

अनुदानाचा निर्णय अर्जदाराच्या समोर होत नाही. एका बैठकीत दोन-तीन जणांनी तुमचा अर्ज नीट वाचलेला असतो, बाकीच्यांनी चाळलेला असतो, आणि वाचलेल्यांपैकी एकाला मोजक्या मिनिटांत इतरांना सांगायचं असतं की हे लोक काय करणार आहेत आणि त्यांना पैसे का द्यायचे. त्याला तुमची बाजू तुमच्या गैरहजेरीत मांडता आली पाहिजे. अर्जातलं प्रत्येक पान, बजेटसकट, याच कसोटीवर तपासायचं. सामाजिक संस्था असो, संशोधक असो की कलावंत, रीत बहुतांशी सारखीच आहे.

अर्ज करायचा की नाही, हे आधी

चांगला अर्ज लिहायला कित्येक आठवडे जातात, म्हणून पहिला निर्णय वेळेचा. पात्रतेच्या अटी एकेक करून तपासा: नोंदणीचा प्रकार, संस्थेचं वय, किती वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब लागतात, कोणत्या भूभागातलं काम चालतं, मुख्य अर्जदाराची पात्रता. यातली एक अट बसत नसेल तर "बघू, चालून जाईल" म्हणू नका. चालत नाही. बहुतेक ठिकाणी पात्रतेची छाननी कर्मचारी करतात आणि असा अर्ज परीक्षकापर्यंत पोचतच नाही.

मग त्या फंडरने, म्हणजे अनुदान देणाऱ्या संस्थेने, गेल्या दोन-तीन वर्षांत कोणाला, कशासाठी आणि किती रक्कम दिली, ती यादी बघा. घोषणेतली भाषा नेहमी ऐसपैस असते. खरी आवड यादीत दिसते. सगळी अनुदानं मोठ्या विद्यापीठांना गेलेली असतील आणि तुमची संस्था चार माणसांची असेल, तर एखाद्या विद्यापीठाबरोबर भागीदार म्हणून जाणं शहाणपणाचं.

रकमेचा विचारही इथेच करा. संस्थेच्या वार्षिक उलाढालीच्या कित्येक पट रक्कम मागितली की ती सांभाळता येईल का, ही शंका येणारच. पैसे कधी मिळणार हेही पाहा. काही योजनांत खर्च आधी स्वतः करायचा आणि पावत्या दाखवून नंतर परत घ्यायचा असतो. हातात रोकड नसलेल्या संस्थेसाठी असं अनुदान मिळणं हेच संकट ठरू शकतं. स्वतःचा हिस्सा मागितला असेल, तर तो रोखच हवा की जागा, वेळ, साहित्य या रूपात चालतो, हे वाचून ठेवा.

यानंतरही शंका उरली तर विचारा. फंडरकडे कार्यक्रम अधिकारी असेल आणि संपर्काला मनाई नसेल तर एका परिच्छेदाचा ईमेल पाठवा: आम्ही कोण, काय करू पाहतोय, साधारण किती रक्कम, आणि एक-दोन नेमके प्रश्न. "आमचा प्रकल्प तुम्हाला आवडेल का?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. "दुसऱ्या वर्षीचा उपकरणांचा खर्च या योजनेत बसतो का?" याला मिळतं. कधी कधी अधिकारी हळूच सुचवतात की ही योजना तुमच्यासाठी नाही, अमुक बघा. तो सल्ला मानावा.

नियमावली पेन घेऊन वाचा

माझ्या मते अर्जाचा निम्मा दर्जा इथे ठरतो, आणि नेमकं हेच काम सगळे घाईत उरकतात. नियमावलीची प्रत काढा. जिथे जिथे "आवश्यक", "कमाल", "जोडावे", "पात्र नाही" असे शब्द येतात तिथे खूण करा. मग तक्ता बनवा: विभाग, शब्द किंवा पानांची मर्यादा, गुण, कोण लिहिणार, कोणतं कागदपत्र लागणार, कधीपर्यंत.

गुणांचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या संशोधन-अनुदान कार्यक्रमात साधारणपणे तीन निकष असतात: उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणीचा दर्जा. प्रत्येकाला ५ गुण, प्रत्येकात किमान ३ आणि एकूण १५ पैकी १० ही सर्वसाधारण पात्रता-रेषा. म्हणजे कल्पना कितीही भन्नाट असली तरी अंमलबजावणीत अडीच गुण मिळाले की खेळ संपला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे निकष दोन: बौद्धिक गुणवत्ता आणि व्यापक परिणाम. त्यांच्या एका पानाच्या सारांशात दोन्हींबद्दल वेगवेगळं लिहावं लागतं, नाहीतर अर्ज न वाचता परत येऊ शकतो. तिथल्याच नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये, म्हणजे एनआयएचमध्ये, १ ते ९ असे गुण देतात आणि तिथे १ सर्वोत्तम. तिथे प्राथमिक गुणांत मागे पडलेल्या साधारण निम्म्या अर्जांवर बैठकीत चर्चाच होत नाही.

निकषांचे शब्द जसेच्या तसे तुमच्या उपशीर्षकांत आणा, त्याच क्रमाने. परीक्षकासमोर गुणपत्रक असतं. "शाश्वतता: १० गुण" असं तिथे लिहिलं असेल आणि तुमचं उत्तर "पुढील वाटचाल" या मथळ्याखाली, दोन परिच्छेदांत विखुरलेलं असेल, तर ते शोधत बसायला त्याला वेळ नसतो. सर्जनशीलता दाखवायला इतर जागा आहेत.

लिहायला बसण्याआधी एक पान

थेट फॉर्म भरायला घेतला की प्रत्येक रकाना आपापली वेगळी गोष्ट सांगू लागतो. त्याआधी एक पान साध्या भाषेत लिहून काढा. अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था दार्पाचे १९७५ ते १९७७ या काळातले संचालक जॉर्ज हाइलमायर नव्या प्रकल्पांना काही प्रश्न विचारत, ते आजही इथे कामी येतात: क्लिष्ट शब्द न वापरता सांगा, काय करायचं आहे? आज हे कसं केलं जातं आणि कुठे अडतं? तुमच्या पद्धतीत नवं काय, आणि ती यशस्वी होईल असं का वाटतं? कोणाला फरक पडेल? जोखीम काय, खर्च किती, वेळ किती? आणि मधल्या व शेवटच्या टप्प्यावर यश कसं ओळखायचं?

हे पान टीममधल्या सगळ्यांनी वाचून मान्य करायचं. मतभेद असतील तर ते इथेच बाहेर पडू द्या. मुदतीच्या आदल्या रात्री बाहेर पडले तर त्यांची खूण अर्जात दिसते.

समस्या: फंडरच्या दारात नेऊन ठेवा

समजा, एका संस्थेला काही वस्त्यांमधल्या विहिरींचं पाणी फ्लोराइडसाठी तपासायचं आहे. मसुदा बहुधा असा येतो:

"परिसरातील पाण्याची समस्या अत्यंत गंभीर असून लोकांमध्ये जनजागृतीचा अभाव आहे. शुद्ध पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असून आमची संस्था यासाठी कटिबद्ध आहे."

यात एकही वाक्य खोटं नाही आणि एकही वाक्य कामाचं नाही. "अभाव आहे" हा तर धोक्याचा शब्द. एखाद्या गोष्टीचा अभाव म्हणजे समस्या असं लिहिलं की आपला उपायच आपण समस्या म्हणून मांडलेला असतो. आता हे पाहा:

"या सात वस्त्यांना पिण्याचं पाणी ४० विहिरींतून मिळतं. प्राथमिक तपासणीत १२ पैकी ५ विहिरींत फ्लोराइडचं प्रमाण लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. असं पाणी वर्षानुवर्षं पिण्यात आलं तर दात आणि हाडांवर परिणाम होतो. फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही आणि पाणी उकळूनही जात नाही, त्यामुळे कोणती विहीर टाळावी हे घरच्या घरी कळण्याचा मार्ग नाही. उरलेल्या २८ विहिरी आजवर तपासलेल्या नाहीत."

शेवटच्या वाक्यापाशी वाचणारा स्वतःच म्हणतो, मग तपासा की. समस्येच्या मांडणीचं काम तेवढंच. परीक्षकाला बैठकीत सांगायलाही एक वाक्य मिळालं: बारापैकी पाच विहिरी मर्यादेबाहेर, अठ्ठावीस तपासायच्या बाकी. देशपातळीची किंवा जगाची आकडेवारी हवी तर एका ओळीत द्या. सगळी जागा तुमच्या ठिकाणच्या, तुम्ही मोजलेल्या गोष्टींना हवी. स्वतःचे आकडे नसतील तर छोटी पाहणी करून घ्या. तीस घरांची नीट केलेली पाहणी दहा उसन्या आकड्यांपेक्षा वजनदार ठरते.

संशोधनाच्या अर्जात याच जागी ज्ञानातली पोकळी येते. तिथेही "या विषयावर फारसं काम झालेलं नाही" एवढ्याने भागत नाही, कारण काम न होण्याचं कारण ते करण्यासारखं नव्हतं हेही असू शकतं. पोकळी भरल्याने पुढचा कोणता निर्णय किंवा प्रयोग शक्य होईल ते लिहा.

काम आणि परिणाम यांची गल्लत

"८८ नमुने तपासले जातील, १४ सभा होतील" हे काम झालं. "विहीर मर्यादेबाहेर निघालेल्या कुटुंबांपैकी किमान ७० टक्के कुटुंबं वर्षअखेर पिण्यासाठी दुसरा स्रोत वापरत असतील" हा परिणाम. फंडर पैसे कामाला देतो, पण विकत घ्यायचा असतो परिणाम. अर्जात दोन्ही हवेत आणि वेगवेगळे हवेत. उद्दिष्टं नेमकी, मोजता येणारी आणि मुदतबंद असावीत हा 'स्मार्ट'चा मंत्र जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली मांडला, तो अजून चालतो. मात्र आकडा कुठून आला हे सांगता आलं पाहिजे. सत्तरच का, नव्वद का नाही, असं विचारलं तर उत्तर तयार हवं.

प्रत्येक परिणामाला तीन गोष्टी जोडा: आजची स्थिती काय, बदल कोण मोजणार, कशाने मोजणार. आमच्या उदाहरणात त्याच कुटुंबांना सुरुवातीला आणि वर्षअखेरीला भेटून पिण्याचं पाणी कुठून आणता हे विचारायचं, एवढं साधं उत्तर चालतं.

आता साखळी ओढून बघा. तपासणी झाली, लोकांना कळलं, लोक दुसऱ्या विहिरीवर गेले. पण दुसरी सुरक्षित विहीर चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? नसेल तर माहिती मिळूनही लोक तेच पाणी पिणार. हे गृहीतक अर्जात उघड लिहा आणि ते खोटं निघालं तर काय कराल तेही लिहा. १९६०च्या दशकाच्या अखेरीला यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेसाठी विकसित झालेल्या लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पाची कामं आणि परिणाम मांडणाऱ्या तक्त्यात गृहीतकांचा स्वतंत्र रकाना असतो. बहुतेक अर्जदार तो "सर्व घटकांचं सहकार्य मिळेल" असं लिहून भरतात. अनुभवी परीक्षक मात्र तोच रकाना आधी वाचतो.

बजेट: इथे सगळं उघडं पडतं

बरेच परीक्षक आधी बजेट उघडतात. मीही तेच करतो. मजकुरात काय हवंय ते लिहिता येतं, बजेटमध्ये खरोखर काय करणार ते दिसतं. म्हणून बजेट शेवटच्या दिवशी लेखापालाकडे सोपवण्याचं काम नाही. कामांची यादी झाली की लगेच त्याच यादीवरून ते बांधायला घ्या.

४० विहिरी, कोरड्या हंगामात एक आणि ओल्या हंगामात एक अशा दोन फेऱ्या, म्हणजे ८० नमुने. प्रयोगशाळेचे निकाल पडताळायला १० टक्के दुबार नमुने, म्हणजे आणखी ८. एकूण ८८. एक कार्यकर्ता दिवसाला ५ विहिरी करतो असं धरलं तर एका फेरीला ८ दिवस, दोन फेऱ्यांना १६. सात वस्त्यांत प्रत्येकी दोन सभा, १४ दिवस. झाले ३० दिवस. आणि बजेटमध्ये एक पूर्णवेळ क्षेत्र-कार्यकर्ता, बारा महिने! परीक्षकाची पेन्सिल तिथेच थांबते. कदाचित कुटुंबांच्या दोन पाहण्या, नोंदी आणि पाठपुरावा यांत त्याचे बाकीचे महिने खरोखर जाणार असतील. मग ते दिवसांसकट लिहा. जात नसतील तर पद अर्धवेळ करा. फुगवलेला एक आकडा सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो.

प्रत्येक ओळीचं समर्थन हिशेबाच्या भाषेत द्या: "नमुना तपासणी: ४० विहिरी × २ फेऱ्या = ८०, अधिक दुबार ८, एकूण ८८ नमुने. दर प्रयोगशाळेच्या कोटेशनप्रमाणे, जोडपत्र ३." एवढं पुरे. "किरकोळ खर्च" आणि "इतर" या ओळी शक्यतो ठेवू नका. मोजता येत नसलेलं काही खरोखर असेल, तर नियमावली परवानगी देते का ते बघून आकस्मिक खर्च अशी एकच ओळ टाका.

उलट चूकही तितकीच सर्रास होते. पैसे मिळावेत म्हणून बजेट इतकं ताणून कमी करायचं की काम त्यात होणारच नाही. जाणकाराला स्वस्त प्रकल्प आकर्षक वाटत नाही, कच्चा वाटतो. दुसऱ्या वर्षीची पगारवाढ, कर, विमा, ऑडिट, अहवालाची छपाई, भाषांतर, डेटा साठवणं हे खर्च हमखास विसरले जातात.

ओव्हरहेड मागायला संकोचू नका. कार्यालयाचं भाडं, वीज, लेखापाल, संचालकांचा वेळ हे कोणीतरी भरतंच. प्रत्येक फंडरचा नियम निराळा. होरायझन युरोपमध्ये पात्र थेट खर्चाच्या सरसकट २५ टक्के मिळतात, मात्र उपकंत्राटासारख्या काही बाबी त्या हिशेबातून वगळल्या जातात. अमेरिकी संघीय अनुदानात स्वतःचा वाटाघाटीने ठरलेला दर नसलेल्या संस्थांसाठीचा सरसकट दर ऑक्टोबर २०२४ मध्ये १० वरून १५ टक्क्यांपर्यंत वाढवला गेला. फोर्ड फाउंडेशनने २०१५ मध्ये प्रकल्प-अनुदानांतला ओव्हरहेडचा वाटा २० टक्क्यांवर नेला. काही फंडर शून्य देतात. तिथे संचालकांच्या वेळेतला प्रकल्पाचा भाग थेट खर्चात दाखवता येतो का, हा प्रश्न कार्यक्रम अधिकाऱ्याला विचारण्याजोगा आहे.

बेरीज दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. मजकुरातली रक्कम, फॉर्ममधली रक्कम आणि बजेटच्या फाइलमधली रक्कम तिन्ही जुळतात का, तेही.

माणसं, जोखीम, जोडपत्रं

टीमच्या परिच्छेदात पदव्यांची माळ नको. हे विशिष्ट काम ही माणसं करू शकतील याचा पुरावा हवा: नमुने कोणी गोळा केले आहेत, आकडेवारी कोण हाताळणार, पूर्वीचं अनुदान वेळेत आणि हिशेबासह पूर्ण केलं का. कमी असेल ती बाजू भागीदाराने भरून काढा आणि तसं सांगा.

जोखमीच्या तक्त्यात निदान एक अशी जोखीम लिहा जी वाचून तुम्हालाही थोडं अस्वस्थ वाटेल. "हवामानामुळे विलंब" एवढंच लिहिणाऱ्याने विचार केलेला नाही, हे कळतं.

पाठिंब्याची पत्रं आधी मागवा, सर्वांत आधी. बाहेरच्या संस्थेची सही-शिक्क्यासह पत्रं मिळायला जितका वेळ लागतो तितका वेळ अर्जातल्या दुसऱ्या कशालाच लागत नाही. पत्राचा मसुदा तुम्ही द्या, पण सगळ्यांना एकच देऊ नका. तीन संस्थांची तीन पत्रं शब्दशः सारखी निघाली की त्यांचं वजन शून्य होतं. "आम्ही प्रकल्पाला शुभेच्छा देतो" या पत्राचा उपयोग नाही. "आम्ही महिन्यातून दोन दिवस आमची प्रयोगशाळा उपलब्ध करून देऊ" या पत्राचा आहे.

सारांश शेवटी, पण सर्वांत जास्त वेळ त्यालाच

बैठकीतल्या बहुतेकांनी फक्त सारांश वाचलेला असतो. एनआयएचच्या अर्जात 'विशिष्ट उद्दिष्टां'ना एकच पान मिळतं, आणि मुरलेले संशोधक त्या पानाचे कितीतरी मसुदे करतात. समस्या, तुमचा उपाय, तुम्हीच का, काय बदलेल, किती रक्कम, किती काळ: हे सगळं सारांशात आलं पाहिजे, तेही बाकीचा अर्ज न वाचता समजेल असं.

भाषेबद्दल एवढंच. छोटी वाक्यं, कर्ता स्पष्ट. "तपासणी करण्यात येईल" यात कोण करणार ते हरवतं. "प्रकल्प समन्वयक तपासणी करतील" यात सापडतं. "सर्वांगीण विकास", "सक्षमीकरण", "नावीन्यपूर्ण" हे शब्द काढून टाकून वाक्य वाचा. अर्थ बदलला नाही तर ते नकोतच.

एआयकडून मसुदा लिहून घेण्याचा मोह आता सर्वांनाच होतो. आधी फंडरचा नियम बघा. एनआयएचने २०२५ मध्ये एका मुख्य संशोधकाला वर्षाला सहाच अर्ज अशी मर्यादा घातली आणि बहुतांशी एआयने लिहिलेले अर्ज स्वीकारणार नाही असंही जाहीर केलं. नियम नसला तरी यंत्राला तुमच्या अठ्ठावीस विहिरी माहीत नसतात.

मसुदा तयार झाला की विषयाबाहेरच्या एका हुशार माणसाला द्या. वाचून झाल्यावर अर्ज बाजूला ठेवायला सांगा आणि म्हणा, आता मला हा प्रकल्प तीन मिनिटांत सांग. तो जिथे अडखळेल, चुकेल किंवा "असं काहीतरी" म्हणेल, तिथे अर्ज कच्चा आहे. मधे बोलून दुरुस्ती करू नका, नुसतं टिपून घ्या. "छान आहे" या अभिप्रायापेक्षा हे कितीतरी उपयोगी.

सादर करताना

पोर्टलवर खातं पहिल्याच आठवड्यात उघडा. संस्थेची नोंदणी मंजूर व्हायला कधी कधी आठवडे लागतात. अंतर्गत मुदत खऱ्या मुदतीच्या निदान दोन-तीन दिवस आधीची ठेवा. मुदतीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे ते पाहा. पोर्टल शब्द मोजतं की अक्षरं, आणि अक्षरांत मोकळ्या जागा धरतं का, हे आधीच तपासा, नाहीतर शेवटचं वाक्य मधेच तुटतं. फाँटचा आकार आणि समास नियमाप्रमाणेच ठेवा. एनआयएचला किमान ११ पॉइंट आणि अर्धा इंच समास लागतो, आणि तिथे लबाडी खपत नाही. अपलोड केलेली पीडीएफ पुन्हा उतरवून उघडून बघा. पोचपावती जपून ठेवा.

निकालानंतर

नकार आला तर परीक्षकांचे अभिप्राय मागा. मिळाले की एक दिवस तसेच राहू द्या, मग दोन गठ्ठे करा: जिथे परीक्षकाला पटलं नाही ते आणि जिथे त्याला समजलं नाही ते. दुसऱ्या गठ्ठ्यावर "त्याने नीट वाचलंच नाही" असं म्हणायचा मोह होतो. तो आवरा, कारण पुढचा परीक्षकही तितकाच घाईत असणार. पुन्हा अर्ज करण्याचे नियम वेगळे असतात. एनआयएचमध्ये मूळ अर्जापासून ३७ महिन्यांच्या आत एकदा सुधारित अर्ज करता येतो आणि सोबत एका पानात आधीच्या आक्षेपांना उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर मुद्देसूद आणि सौम्य ठेवा: आक्षेप, काय बदललं, कोणत्या पानावर.

सगळंच तुमच्या हातात नसतं. मंजुरीच्या रेषेच्या आसपासच्या अर्जांत फरक करणं परीक्षकांनाही जमत नाही. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने तर २०१३ पासून आपल्या 'एक्सप्लोरर' अनुदानांसाठी पात्र अर्जांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक निवड सुरू केली. म्हणून एकाच अर्जावर वर्षभराचं काम टांगून ठेवू नका.

होकार आला तर करारावर सही करण्यापूर्वी तो अर्जाशेजारी ठेवून वाचा. मंजूर रक्कम मागितलेल्यापेक्षा कमी असेल तर परिणामांचे आकडेही त्या प्रमाणात कमी करून लेखी मान्यता घ्या. ८८ नमुन्यांचे पैसे मागून ५० चे मिळाले आणि उद्दिष्ट ८८ चंच राहिलं, तर वर्षअखेरीच्या अहवालात उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. अहवालांच्या तारखा त्याच दिवशी कॅलेंडरवर टाका, आणि पहिला खर्च होण्याआधी प्रकल्पाचं खातं किंवा निदान स्वतंत्र खातेवही उघडा.